पाहुण्यांचे संग्रहालय, आपले संग्रहालय

भारतातून पाहुणे आले की आपल्या प्रत्येकाच्या घरी एक ठरलेली यादी निघते. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, व्हाइट हाउस, देवळाचे दर्शन, आउटलेट मॉल; आणि त्यातला एखादा दिवस पावसाने बुडवला तर म्युझियम. अमेरिकेतल्या कला-संग्रहालयांशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध असा पावसाळी असतो. दोन तासांत ‘मुख्य मुख्य’ पाहायचे, पाय दुखले की कॅफेत बसायचे आणि निघताना फ्रिजवर लावायला एक चुंबक घ्यायचे. पुढचे पाहुणे येईपर्यंत त्या इमारतीची कोणाला आठवण होत नाही.

मग कधीतरी मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, वाद रंगतो: अमेरिकेतले सर्वांत चांगले कला-संग्रहालय कोणते? न्यूयॉर्क-न्यू जर्सीवाले मेट्रोपॉलिटनच्या पलीकडे काही मानायला तयार नसतात. शिकागोवाले सराचे ‘ग्रांद जात’ पुढे करतात, बॉस्टनवाले आपल्या जपानी दालनांचा दाखला देतात, आणि ‘आमच्याकडे सगळे फुकट आहे’ एवढ्या एका वाक्यावर वॉशिंग्टनवाले सामना जिंकू पाहतात. गावसकर मोठा की तेंडुलकर, या वादासारखेच हे. सगळे जिंकतात आणि मत कोणाचेच बदलत नाही. कारण कोणत्या मापाने मोजायचे हे आधी ठरलेलेच नसते.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टरेट आहे ती इंजिनिअरिंगमधली, कलेच्या इतिहासातली नव्हे. शिकले ओहायोत, पहिली नोकरी न्यू जर्सीत केली, आता घर मिशिगनमध्ये आहे आणि कामानिमित्त कॅलिफोर्नियाच्या फेऱ्या होतात. त्यामुळे बरीच संग्रहालये एकदा नव्हे, अनेकदा पाहून झाली. आमच्या धंद्यात दोन गोष्टींची तुलना करायची तर आधी निकष कागदावर मांडतात. तीच सवय इथे वापरते. माझे प्रश्न चार आहेत.

पहिला दाराचा: आत जायला काय पडते, आणि पुन्हा पुन्हा जाता येते का? दुसरा पाटीचा: समोरची वस्तू इथवर कशी आली हे संग्रहालय सरळ सांगते का? तिसरा जागेचा: आपल्या मुलखाला तिथे कोणती जागा आहे, आपण तिथे फक्त हजार वर्षांपूर्वीचे आहोत की आजचेही? आणि चौथा मालकीचा: संकट आले तर त्या संग्रहालयासाठी कोण उभे राहते? वस्तूंची संख्या हा निकष मी मुद्दामच धरलेला नाही. संग्रहात लाखो वस्तू असल्या तरी एका रविवारी माणूस मन लावून पाहतो त्या फार तर तीस-चाळीस.

दार

मेट्रोपॉलिटनमध्ये पूर्वी तिकिटाची रक्कम ‘सुचवलेली’ असे. खिशाला परवडेल ते द्यावे आणि आत जावे. मार्च २०१८ पासून न्यूयॉर्क राज्याबाहेरच्या प्रौढांना पूर्ण पैसे सक्तीचे झाले. आधी २५ डॉलर होते, २०२२ मध्ये ३० झाले. न्यूयॉर्कच्या रहिवाशांना आणि न्यू जर्सी, कनेटिकटमधल्या विद्यार्थ्यांना जुनी सवलत राहिली. म्हणजे एडिसनहून निघालेल्या कुटुंबात कॉलेजातली मुलगी एक डॉलर देऊन आत जाऊ शकते, आणि आईवडिलांना साठ डॉलर पडतात. वर टोल आणि पार्किंग वेगळे.

प्रश्न साठ डॉलर परवडण्याचा नाही. आपल्यातल्या बहुतेकांना ते परवडतात. पण पैसे मोजले की पाहण्याची रीत बदलते. माणूस ‘वसूल’ करायला लागतो. इजिप्त झाले, ग्रीस झाले, आता व्हॅन गॉग कुठे आहे बघा, असे चालते. एकाच चित्रासमोर पंधरा मिनिटे बसणे हा तोट्याचा व्यवहार वाटू लागतो. चित्र मात्र उघडते ते त्या पंधरा मिनिटांतच.

याउलट क्लीव्हलंडचे संग्रहालय १९१६ साली उघडले तेव्हापासून त्याच्या कायम संग्रहाला तिकीट नाही. सेंट लुइस, कॅन्सस सिटीचे नेल्सन-ॲटकिन्स, मिनिआपोलिस इथेही तसेच. म्हणजे ज्या गावांना किनाऱ्यावरची मंडळी विमानातून खाली दिसणारी गावे समजतात, त्यांनीच हे दार उघडे ठेवले आहे. लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरला तिकीट नाही, पण गाडी लावायचे पैसे पडतात, आणि त्या शहरात गाडीवाचून माणूस जातो कुठे? दार फुकट, अंगण विकत!

ओहायोत शिकत असताना विद्यार्थ्याच्या पगारात तिकिटाचे म्युझियम बसत नव्हते. क्लीव्हलंडला गेले की मी एकच दालन पाहून परत येत असे. आज मागे वळून पाहताना वाटते की चित्र पाहायला मला कोणी शिकवले असेल तर त्या उघड्या दाराने.

पाटी

फिलाडेल्फियाच्या कला-संग्रहालयात मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिरातला सोळाव्या शतकातला एक दगडी मंडप उभा आहे. खांबांवर माणसाएवढ्या मूर्ती, वर कोरीव थर. अमेरिकेत राहून दक्षिणेतल्या देवळात उभे असल्याचा भास होईल अशी ही दुसरी जागा मला ठाऊक नाही. माझी आई इथे आली असताना तिला तो दाखवायला नेले. तिने शांतपणे एक फेरी मारली, खांब पाहिले आणि विचारले, “गाभारा कुठे आहे? देव कुठे आहे?”

हा प्रश्न साधा आहे आणि संग्रहालयावरची सगळी टीका त्यात आहे. गाभारा मदुराईतच राहिला. ते मंदिर आजही चालू आहे, तिथे पूजा होते. फिलाडेल्फियाच्या ॲडलीन पेपर गिब्सन या तरुण बाई १९१२ साली मदुराईला गेल्या असताना मंदिराच्या आवारात पडलेले हे कोरीव दगड त्यांनी विकत घेतले, असा इतिहास सांगितला जातो. पहिल्या महायुद्धात परिचारिकेचे काम करताना फ्रान्समध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि १९१९ साली घरच्यांनी त्यांच्या स्मरणार्थ हे दगड संग्रहालयाला दिले. विक्री झाली, चोरी नव्हे. पण पारतंत्र्यातल्या देशात, एका धनिक परदेशी पाहुणीला, देवळाचे खांब विकण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता? मेट्रोपॉलिटनमधले डेंडूरचे इजिप्शियन मंदिर पाहताना हा प्रश्न पडत नाही, कारण न्यूबियातली स्मारके वाचवायला मदत केल्याबद्दल ते इजिप्तच्या सरकारने १९६५ साली अमेरिकेला दिलेले आहे. दोन मंदिरे, दोन वेगळे दस्तऐवज. पाहणाऱ्याला हा फरक कळायला हवा, आणि तो कळतो पाटीवरून.

तेव्हा वाचकांना एक युक्ती सांगते. प्रत्येक पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात एक दाखल क्रमांक असतो. त्याकडे कोणी बघत नाही, पण सर्वांत बोलका आकडा तोच. क्लीव्हलंडच्या चोळकालीन नटराजाचा क्रमांक १९३०.३३१ असा आहे. पहिले चार आकडे म्हणजे वस्तू संग्रहालयात दाखल झाली ते वर्ष, पुढचे त्या वर्षातले अनुक्रम. मेट्रोपॉलिटनमध्ये १९७० पूर्वीच्या वस्तूंना दोनच आकडे असतात: पाटणच्या जैन मंदिरातले ते अप्रतिम लाकडी घुमटाचे छत १६.१३३ म्हणजे १९१६ साली आले.

वर्ष कळून काय करायचे? १९४७ पासून भारतातून पुरावस्तू बाहेर न्यायला परवाना लागू लागला. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, आणि भारताचा पुरावस्तू कायदा १९७२ चा. तो अमलात आला १९७६ साली. म्हणून १९७० नंतरचा क्रमांक असलेली दक्षिण भारतीय ब्राँझमूर्ती दिसली की थांबावे आणि ‘आधी कोणाकडे होती’ हे पाटीवर दिले आहे का ते वाचावे. आकडा वस्तू संग्रहालयात आल्याचे वर्ष सांगतो, भारत सोडल्याचे नव्हे. १९८० चा क्रमांक असलेली मूर्ती १९२० सालीही निघालेली असू शकते. तेव्हा आकडा हा पुरावा नाही. तो फक्त प्रश्न विचारायची जागा दाखवतो.

प्रश्न विचारले की काय होते याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. तंजावर भागातल्या शिवपुरम गावी १९५१ साली जमिनीतून नटराज निघाला. दुरुस्तीला दिलेली मूर्ती बदलली गेली, देवळात नक्कल परत आली, आणि अस्सल मूर्ती फिरत फिरत कॅलिफोर्नियातले उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्याकडे पोचली. भारत सरकारने दावा केला, १९७६ साली तडजोड झाली आणि १९८६ साली नटराज भारतात परतला. दुसरे उदाहरण सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याचे. त्याला २०११ साली जर्मनीत अटक झाली आणि २०२२ साली तमिळनाडूच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्याच्या हातून गेलेल्या मूर्ती अमेरिकेतल्या नामवंत संग्रहालयांत निघाल्या. मार्च २०२३ मध्ये मेट्रोपॉलिटनने १५ शिल्पे भारताला परत करण्याचे जाहीर केले. ही शिल्पे आपल्यापैकी अनेकांनी काचेबाहेरून पाहिली असतील, फोटोही काढले असतील. त्यातल्या कितींनी पाटीचा तळ वाचला होता?

या कसोटीवर क्लीव्हलंड बऱ्यापैकी उतरते. त्यांच्या संकेतस्थळावर वस्तूचा पूर्वेतिहास टप्प्याटप्प्याने दिलेला असतो. जानेवारी २०१९ पासून त्यांनी आपल्या नोंदी आणि हजारो छायाचित्रे कोणालाही वापरायला मोकळी केली. संगणकाच्या प्रोग्रॅमला थेट वाचता येतील अशा रूपात त्या आहेत, हे माझ्या जातीच्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. मेट्रोपॉलिटननेही २०१७ साली असेच केले. २०१५ साली क्लीव्हलंडने स्वतः चौकशी करून एक हनुमान कंबोडियाला परत केला. पण त्यांना संत ठरवायचे कारण नाही. रोमन सम्राटाचा म्हणून प्रसिद्ध असलेला एक ब्राँझ पुतळा सोडायला नको म्हणून हेच संग्रहालय २०२३ साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांविरुद्ध कोर्टात गेले, आणि तो तुर्कस्तानला द्यायला २०२५ मध्ये तयार झाले.

तरी त्यांच्या दारातला रोदँचा ‘विचारवंत’ पाहावा. मार्च १९७० मध्ये कोणीतरी त्याखाली बॉम्ब ठेवला. पाय उडाले, धातू फाटला. संग्रहालयाने त्याची दुरुस्ती केली नाही. फाटलेला पुतळा तसाच पुन्हा चौथऱ्यावर बसवला. वस्तूचे सौंदर्य दाखवताना तिची जखमही दाखवायची, हे धोरण मला फार मोलाचे वाटते. प्रत्येक पाटीने तेच करावे.

जागा

अमेरिकेत भारतीय कलेला प्रतिष्ठा मिळवून देण्यात बॉस्टनचा वाटा मोठा. १९१७ साली आनंद कुमारस्वामी तिथल्या संग्रहालयात आले आणि १९४७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. हे गृहस्थ मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ, लंडन विद्यापीठाचे डी.एस्सी., सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे प्रमुख. राजपूत चित्रे मुघल चित्रांहून वेगळी आहेत, त्यांची स्वतंत्र परंपरा आहे, हे जगाला पटवून देणारा माणूस खडकांच्या वर्गीकरणातून आला होता, याचा मला इंजिनिअर म्हणून आनंद होतो. आपला संग्रह भारतात ठेवला जावा अशी त्यांची इच्छा होती. ती फळाला आली नाही आणि संग्रह बॉस्टनला गेला. लुटीची आणि विक्रीची बाजू सांगताना ही तिसरी बाजूही सांगायला हवी: काही गोष्टी आपल्याकडे कोणी ठेवून घेतल्या नाहीत म्हणून गेल्या.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये मराठी माणसाने शोधून पाहावे असे एक चित्र आहे: ‘विजापूरचे घराणे’. कमाल मुहम्मद आणि चांद मुहम्मद या चित्रकारांनी ते साधारण १६८० साली काढले. आदिलशाहीचे सगळे सुलतान एका ओळीत बसले आहेत, संस्थापक युसुफपासून अखेरच्या सिकंदर या पोरसवदा राजापर्यंत. साल पुन्हा वाचावे. १६८० म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनाचे वर्ष. आणि पुढच्या सहा वर्षांत विजापूर औरंगजेबाच्या हाती पडायचे होते. चौथीच्या इतिहासात ‘आदिलशहा’ हा आपल्याला अफझलखानाला पाठवणारा दरबार म्हणून भेटतो. इथे तेच घराणे बुडण्याच्या काठावर बसून आपल्या वैभवाचा शेवटचा समूहफोटो काढून घेत आहे. शत्रूचे म्हणून शिकलेले घराणे गुलाबी-सोनेरी रंगात, इतक्या हळव्या रेषेत समोर आले की शाळेतला इतिहास खोटा ठरत नाही, पण मोठा होतो. २०१५ साली याच संग्रहालयाने दख्खनच्या सुलतानांवर मोठे प्रदर्शन भरवले होते. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा ही नावे न्यूयॉर्कच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लागली होती. कागदावरची चित्रे उजेडाला जपावी लागतात, म्हणून ती नेहमी टांगलेली नसतात. जाण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून जावे.

पण माझी तक्रार पुढे आहे. बहुतेक संग्रहालयांत भारत साधारण अठराव्या शतकाशी संपतो. चोळ मूर्ती, गांधार बुद्ध, कांगड्याची राधा, आणि मग एकदम बाहेरचा दरवाजा. मुलांना वाटते, आपले पूर्वज फार थोर होते आणि त्यानंतर आपण थेट सॉफ्टवेअर लिहायला लागलो. मधली दोनशे वर्षे कुठे गेली?

ती शोधायला बॉस्टनहून उत्तरेला सेलमला जावे लागते. तिथल्या पीबडी एसेक्स संग्रहालयाचे मूळ १७९९ साली सेलमच्या दर्यावर्दींनी स्थापलेल्या संस्थेत आहे. वूस्टरच्या चेस्टर आणि डेविडा हर्विट्झ या दांपत्याने जमवलेली स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रे आता तिथे आहेत. चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्या या जोडप्याने, भारतीय आधुनिक चित्रांना बाजारात फारशी किंमत नव्हती तेव्हा, ती जमवायला सुरुवात केली. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांच्या महाभारतावरच्या चित्रांचे प्रदर्शन २००६ साली सेलमने भरवले. त्याच वर्षी त्याच हुसेनांनी देश सोडला. २०११ साली ते लंडनमध्ये वारले. त्यांच्या कोणत्या चित्राबद्दल कोणाचे काय मत असेल ते असो. पण पंढरपूरच्या माणसाचे महाभारत निवांत पाहायला मॅसॅच्युसेट्स गाठावे लागावे, हे मनाला लागते.

गायतोंडे यांचेही तसेच. नागपुरात १९२४ साली जन्म, घराणे गोव्याचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. १९६४ साली शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला आले. पन्नास वर्षांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, त्याच शहरातल्या गुगेनहाइमने त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. त्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही. रंगाचे थर आहेत आणि त्यांतून वर येणारा उजेड आहे. भारतीय म्हणजे देव, हत्ती आणि मोर, ही समजूत तिथल्या अमेरिकन प्रेक्षकाला दारातच सोडावी लागत होती. आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही. ज्यांना ते प्रदर्शन हुकले त्यांनी ह्यूस्टनच्या रॉथको चॅपलमध्ये अर्धा तास बसावे. चित्रकार वेगळा, पण शांततेची जात जवळची आहे. प्रवेशाला पैसे नाहीत.

शिकागोची गंमत वेगळी. स्वामी विवेकानंदांचे ११ सप्टेंबर १८९३ चे भाषण ज्या इमारतीत झाले तीच आजची आर्ट इन्स्टिट्यूट. मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी ११ सप्टेंबर २०१० रोजी त्या भाषणाचे शब्द तिथल्या भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या पट्ट्यांवर दिव्यांनी लिहिले. रंग होते पाच, अमेरिकन सरकारच्या दहशतवादविषयक इशाऱ्याचे. धर्मांधतेचा अंत व्हावा असे सांगणाऱ्या भाषणाची तारीख आणि २००१ ची ती तारीख एकच. विमानतळावर आपल्याला बाजूला घेऊन तपासतात तेव्हा जे मनात येते आणि बोलता येत नाही, ते त्या पायऱ्या बोलत होत्या. भारतीय दालनात अडकवून न ठेवता आपल्या माणसाला घराच्या मुख्य जिन्यावर आणणे, याला मी जागा देणे म्हणते.

मालकी

आता आमच्या गावाकडे येते. डेट्रॉइटच्या संग्रहालयात मधोमध एक चौक आहे. त्याच्या चारही भिंतींवर मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९३२-३३ मध्ये ओल्या गिलाव्यावर २७ चित्रे रंगवली. विषय, फोर्डचा रूज कारखाना. एका भिंतीवर व्ही-८ इंजिनची जुळणी, समोर गाडीचे धड दाबून काढणारे प्रचंड प्रेस. कन्व्हेयर, भट्ट्या, वाकलेल्या पाठी. या राज्यात आपल्या मंडळींपैकी कितीतरी जण मोटार कंपन्यांत आयुष्य घालवतात. पॉवरट्रेनमध्ये काम करणाऱ्या मराठी माणसाला ज्या चित्रासमोर कोणी काही समजावून सांगावे लागणार नाही असे हे चित्र आहे. पैसे दिले हेन्री फोर्डच्या मुलाने, एड्सेलने. रंगवले साम्यवादी चित्रकाराने. आणि प्रतिष्ठितांनी ते पुसून टाकण्याची मागणी केली तेव्हा एड्सेल चित्रामागे उभा राहिला.

या संग्रहालयाची खरी परीक्षा ८० वर्षांनी झाली. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. इथला संग्रह शहराच्या मालकीचा होता, त्यामुळे धनकोंची नजर भिंतींवर गेली. लिलाव कंपनीला बोलावून शहराच्या पैशाने घेतलेल्या चित्रांची किंमत काढली गेली. त्यात ब्रॉयगेलचे ‘लग्नातला नाच’ होते, व्हॅन गॉगने स्वतःचे काढलेले चित्र होते. दुसऱ्या बाजूला होते निवृत्त सफाई कामगार, बसचालक, अग्निशामक. त्यांचे पेन्शन कापले जाणार होते. चित्र विकायचे की पेन्शन कापायचे, असा हा पेच. ‘कला अमूल्य आहे’ हे वाक्य ज्याचे पेन्शन जाणार आहे त्याच्या तोंडावर म्हणून पाहावे. मला ते म्हणवले नसते.

तोडगा निघाला तो असा: मोठ्या धर्मादाय संस्था, मिशिगन राज्य आणि खुद्द संग्रहालय यांनी मिळून २० वर्षांत सुमारे ८१.६ कोटी डॉलर उभे करायचे. ते पैसे पेन्शनकडे जातील, आणि त्या बदल्यात संग्रह शहराच्या हातातून काढून स्वतंत्र संस्थेच्या नावावर होईल. चित्रे भिंतीवर राहिली. पेन्शनमध्ये कपात झालीच, पण होणार होती त्याहून पुष्कळ कमी.

त्याच्याही आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, वेन, ओकलंड आणि मकोम या तीन काउंट्यांच्या मतदारांनी आपल्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये संग्रहालयासाठी छोटी वाढ मान्य केली होती. मार्च २०२० मध्ये ती पुन्हा मंजूर झाली. म्हणून या काउंट्यांतल्या रहिवाशांना प्रवेश मोफत आहे. ट्रॉय, नोव्हाय, कँटनमधले आपले लोक घराचा कर भरतात तेव्हा रिव्हेराच्या भिंतींचेही थोडे पैसे भरत असतात. किती जणांना हे ठाऊक आहे? आपण पाहुणे नाही; पावतीवर आपले नाव आहे.

निकाल

पश्चिम किनाऱ्यावर मी थोडक्यात येते, कारण तिथली संग्रहालये मला कमी परिचयाची आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचे आशियाई संग्रहालय ऑलिंपिक समितीचे एकेकाळचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या संग्रहावर उभे राहिले. तेही शिक्षणाने इंजिनिअरच. २०२० साली त्यांच्या वर्णद्वेषी विचारांमुळे संग्रहालयाने त्यांचा अर्धपुतळा हलवला. वस्तू ठेवल्या आणि देणाऱ्याबद्दल खरे बोलले. लॉस एंजेलिसच्या काउंटी संग्रहालयाचा भारतीय संग्रह मुंबईत जन्मलेल्या नसली हीरामाणेक यांनी जमवलेला. सॅन डिएगोला एडविन बिनी यांनी दिलेली हजारांहून अधिक भारतीय लघुचित्रे आहेत. बे एरियातल्या जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे.

आता निकाल. आयुष्यात एकदाच जायचे असेल तर मेट्रोपॉलिटन, यात वाद नाही. आपल्या कलेवर कोणी डोके घालून विचार केला ते पाहायचे तर बॉस्टन आणि सेलम एकत्र. अस्वस्थ व्हायचे तर फिलाडेल्फिया. मालक म्हणून ताठ मानेने जायचे तर डेट्रॉइट. आणि चारही प्रश्नांचे गुण मिळवून पाहिले तर माझ्या हिशेबात पहिले येते क्लीव्हलंड: दार उघडे, पाटी वाचनीय, आकार एका दुपारचा, आणि नटराजासमोर बसायला जागा. ‘आजचे आपण’ या प्रश्नात मात्र तेही कमी पडते.

कोणी म्हणेल, हे सगळे निकष अमेरिकन झाले. तसे नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय बांधले. लहानशा संस्थानाचा राजा, स्वतः चित्रकार. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगावचे अडकित्ते, दिवे, दरवाजे गोळा केले आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. माणसाने ज्या गावात राहावे त्या गावाला पाहण्यासारखे काही द्यावे, ही समजूत आपल्याकडे होती. इथे येताना ती आपण सामानात बांधली नाही. देवळासाठी आणि मंडळाच्या हॉलसाठी आपण सढळ हाताने देतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या गावच्या संग्रहालयाचे सभासद किती? त्यांच्या विश्वस्तांना ‘ही मूर्ती कशी आली?’ असे पत्र लिहिणारे किती? गायतोंडे किंवा बाकरे यांचे एक काम विकत घेऊन आपल्या शहराच्या संग्रहालयाला द्यावे, असे किती मंडळांच्या बैठकीत निघाले?

ज्याची पाटी वाचायला आपण शिकलो आणि जिथे प्रश्न विचारायला आपण परत गेलो, ते संग्रहालय आपले. गाव कोणतेही असो. येत्या उन्हाळ्यात पाहुणे येतीलच. त्यांच्या आधी एकदा, पाऊस नसलेल्या एखाद्या दिवशी, एकट्याने जाऊन यावे. एकच दालन पाहावे, आणि पाटी तळापर्यंत वाचावी.